गिरणीचा भोंगा, जेकार्डचे पत्ते आणि फार बोलणारं भूत

तुम्ही विचारलंय की तुमच्या भुताच्या क्रमशः रहस्यकादंबरीचे बावीस भाग झाले, वाचक नुसतं "पुढचा भाग कधी?" म्हणतात, पण कादंबरीत काय जमलंय आणि काय फसलंय ते कुणी धड सांगत नाही. शिवाय गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत शेवट करून नंतर पुस्तक काढायचं, तर कापायचं काय? सगळे भाग सलग पुन्हा वाचून लिहितोय, लांबण लागेल.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पुण्यात नोकरी करणारी मुलगी सोलापूरला, साखर पेठेतल्या घरी अव्वाकडे, म्हणजे आजीकडे येते. कधीच्या बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा रात्री वाजतो आणि तो फक्त या घरातल्या माणसांना ऐकू येतो. आजोबा तिसऱ्या पाळीला म्हणून गेले ते परतलेच नाहीत. माळ्यावरच्या ट्रंकेत एक चादर सापडते आणि ती ज्यावर विणली ते जेकार्डचे पत्ते, म्हणजे मागावर नक्षी ठरवणारे भोकं पाडलेले पुठ्ठे.

भोंगा एक नंबर. सोलापुरात 1877 साली जुनी मिल उभी राहिली आणि पुढं कित्येक पिढ्यांची जेवणं, झोपा, शाळा भोंग्यावर चालल्या. त्यामुळे हे भूत बाहेरून आणून चिकटवलेलं वाटत नाही, ते या गावचंच आहे. तिसऱ्या भागात नायिका विचारते, "भोंग्याला वाफ लागते, बॉयलर तर भंगारात गेला, मग वाजवतो कोण?" या एका प्रश्नानं तुम्ही वाचकाला कुंपणावर बसवलंत. भूत आहे की माणसाचीच करामत, दोन्ही दारं उघडी. क्रमशः कादंबरीत वाचकाला असं जितकं लांब बसवता येईल तितकं चांगलं. संवादही अस्सल आहेत. अव्वा मधूनच तेलुगूत शिरते, शेजारीण कानडीत ओरडते, रिक्षावाला "कुठं जाऊलालास बे" म्हणतो आणि तुम्ही कुठेही अर्थ समजावत बसत नाही. असंच ठेवा.

आता सहावा भाग. तुमच्या कादंबरीतला सगळ्यात चांगला भाग हा, आणि पुढं सगळ्यात जास्त नुकसानही याचंच झालंय.

अव्वा चादर पलंगावर पसरते आणि मोरांवरून बोट फिरवत जाते. एकसारखे मोर, ओळीनं. शेवटच्या ओळीत मात्र मोराचा पाय मोडका. नायिका म्हणते, पत्ता चुकीचा छिद्रला असेल. अव्वा म्हणते, तसं असतं तर प्रत्येक मोराचा पाय मोडला असता. काय बोललीय बाई! जेकार्डमध्ये एक पत्ता म्हणजे बाण्याचा, आडव्या धाग्याचा, एक फेरा. भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. पत्त्यांची माळ फिरून फिरून तीच येते, म्हणून खोट पत्त्यात असेल तर ती दर आवर्तनाला उमटणार. इथं एकदाच उमटलीय. म्हणजे चादर विणता विणता कुणीतरी माग थांबवून पत्ते बदलले. पुरावा समोर आहे, वाचकाला दिसतोय, आणि तो समजायला विणकराचंच डोकं हवं. रहस्यकथेत याहून जास्त काय मागायचं?

आणि मग बाराव्या भागात आजोबा स्वप्नात येऊन सांगून टाकतात, "त्या रात्री मागावर मी नव्हतो." संपलं! सहा भाग अव्वानं आणि नातीनं जे धाग्याधाग्यानं उसवत आणलं, ते भुतानं एका वाक्यात हातात ठेवलं. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं 1929 मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले होते, त्यात अलौकिक शक्तींना सरळ दाराबाहेर ठेवलं होतं. तितकं सोवळं पाळायची गरज नाही, नाहीतर आपला हा प्रकारच बंद पडेल. पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे: भुताला सगळं माहीत असेल आणि ते सांगायलाही तयार असेल, तर तपास करायचा कशाला? भुतानं घाबरवावं, वाट अडवावी, फार तर बोट दाखवावं. उत्तर देऊ नये.

बारावा भाग आता मागं घेता येत नाही, वाचकांनी वाचलाय. पण भूत खरं तेच सांगतं असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही (मुद्दाम शोधलं). मग ते खोटं बोललं असू द्या, नाहीतर अर्धवट. चादर एक सांगतेय, आजोबा दुसरंच. नातीनं कुणावर विश्वास ठेवायचा? बाराव्या भागाची चूक तिथं उलट कामाला येईल.

चौदाव्या भागात पत्ते सुटे, गठ्ठ्यात बांधलेले दाखवलेत, ते मात्र पटत नाही. ते दोरीनं एकमेकांना शिवलेले असतात. मधला एखादा बदलायचा तर दोरी कापायची, नवा पत्ता बसवायचा, परत ओवायचं. म्हणजे जोडाच्या जागी दोरी वेगळी दिसणार, गाठही वेगळी. ज्यानं बदल केला त्याच्या हाताची खूण तुमच्या ट्रंकेत आयती पडलीय आणि तुम्ही ती वापरलीच नाही.

भुताच्या नियमांचाही घोळ आहे. चौथ्या भागात अव्वा सांगते की ते गिरणीच्या फाटकाबाहेर येत नाही. सतराव्यात ते थेट कंबर तलावाच्या काठी उभं! वाचक भुतावर विश्वास ठेवतो, पण त्याच्या बदललेल्या पत्त्यावर ठेवत नाही. इथंही वाट आहे. गिरणीचं लाकूड-लोखंड विकलं गेलं असं तुम्हीच आधी लिहिलंय. ते फाटक कुणी घेतलं? तलावाजवळच्या एखाद्या बंगल्याला ते बसलं असेल, तर भूत नियम मोडत नाही, नियमच तिथवर गेलाय. हप्त्यानं लिहिण्याचा हा फायदा, पुढच्या भागात मागच्याची डागडुजी करता येते.

इतिहासाचं थोडं कडक सांगतो. आजोबा 1982च्या संपात गेले असं सूचित केलंय. तो संप मुंबईच्या गिरणी कामगारांचा. सोलापूरच्या गिरण्यांची कहाणी वेगळी, तिच्यावर मुंबईचं बिल फाडू नका. उलट दुसऱ्या भागात ट्रंकेत पणजोबांची गांधी टोपी निघते आणि ती पुन्हा बावीस भागांत दिसतच नाही! अहो, हे सोलापूर आहे. इथं स्वातंत्र्यलढ्यात 12 मे 1930 ला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. जानेवारीतले ते दिवस म्हणजे गड्ड्याचे. तुमचा शेवट त्याच दिवसांत आहे आणि टोपी ट्रंकेत धूळ खातेय. हुतात्म्यांना भूत करू नका एवढंच, ते वाचायला सोसणार नाही. पण पणजोबांनी त्या दिवसांत काय लपवलं आणि ते आजोबांच्या गळ्यात कसं पडलं, हा धागा गिरणीच्या मालकाच्या पोराच्या प्रेमप्रकरणापेक्षा कितीतरी भरीव आहे.

तुमच्या आराखड्यात यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वराचं प्रतीकात्मक लग्न मध्यरात्री, मशालींच्या उजेडात आहे. देवळाजवळच्या संमती कट्ट्यावर अक्षता दुपारी पडतात. सोलापूरचा कुठलाही वाचक तिथंच पुस्तक मिटेल. आणि अंधार हवाच कशाला? सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या), पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यातली हजारो माणसं, डोक्यावर ऊन, आणि त्या गर्दीत नातीला एकटीला भोंगा ऐकू येतो. बाकीचे हात अक्षता टाकायला वर झालेत, ती कान झाकून उभी आहे. मला तरी हे मशालींपेक्षा जास्त भितीदायक वाटतं. रात्र लागलीच तर दुसऱ्या दिवशीचा होम आहे.

भागांचे शेवट एकसुरी होत चाललेत. दार वाजतं, दिवे जातात, दचकून जाग येते. नवव्या भागाचा शेवट बघा: अव्वा नुसतं म्हणते, "ही चादर मी विणलेली नाही," आणि भाग संपतो. काहीच वाजलं नाही, तरी मी पुढचा भाग त्याच रात्री वाचला. माहिती अर्धवट राहिली की वाचक येतोच, त्याला दचकवायची गरज नसते.

उलगडा आजच्या आज वहीत लिहून ठेवा, चार ओळी का होईना. चार्ल्स डिकन्सची शेवटची कादंबरी रहस्याचीच होती, बारा मासिक हप्त्यांची. 1870 मध्ये तो गेला तेव्हा सहाच हप्त्यांचा मजकूर झाला होता, आणि लोक अजून तर्क लढवताहेत. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, पण अठराव्या भागापासून तुम्हालाच गुन्हेगार ठाऊक नाही असा दाट संशय येतो. तिघांवर संशय फिरतोय आणि तिघांचेही पुरावे सारखेच पातळ आहेत.

पुस्तक करताना प्रत्येक भागाच्या सुरुवातीची उजळणी आधी उडवा. आठवड्यानं वाचणाऱ्याला ती लागते, सलग वाचणाऱ्याला काचते. सात ते दहा या भागांचे दोन होतील. महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीचं दीड पानी वर्णन निम्मं करा, नायिका तिथं नुसती दाखला काढायला गेलीय. आणि ती शेंगाचटणी! दर भागात कुणीतरी कडक भाकरीबरोबर खातंच. पाहुण्यांना सोलापूर दाखवल्यासारखं होतं ते. एकदाच ठेवा, पाचव्या भागातली, जिथं अव्वा कुटता कुटता थांबते आणि विचारते, "तुला पण ऐकू आला का?"