वाचकांचे प्रश्न : एक आघात, दोन आवाज

प्रश्न : इमारतीत खरा ड्रमसेट वाजवता येत नाही, म्हणून तडा गेलेल्या 14 इंची पितळी सिंबलला खालून पिएझो चकती (आघाताच्या कंपनाचा विद्युत संकेत करणारी) आणि कडेला तांब्याच्या पट्ट्यांचा स्विच बसवून ते ड्रम मॉड्यूलला (संकेतावरून ड्रमचे आवाज काढणाऱ्या पेटीला) जोडले आहे. मधल्या भागावर वाजवले तरी कडेचाच आवाज येतो, कड चिमटीत धरली तरी तो थांबत नाही, आणि जोराचा आघात पुष्कळदा दोनदा वाजतो. मेनूतील सर्व आकडे बदलून पाहिले. चूक कुठे असावी?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : बदललेले आकडे आधी मूळ पदावर आणावेत, कारण पहिल्या दोन तक्रारी जोडणीतल्या आहेत आणि त्या मेनूतून सुटणाऱ्या नाहीत. अशा सिंबलच्या प्रचलित जोडणीत पिएझोची वायर जॅकच्या टिपला (पिनच्या टोकाच्या भागाला) जाते, कडेच्या स्विचची रिंगला (मधल्या कड्याला) जाते आणि दोहोंची उरलेली वायर स्लीव्हला (मागच्या दांड्याला) येते. आघाताच्या क्षणी स्विच मिटलेला असेल तर मॉड्यूल कडेचा आवाज काढते. आघाताशिवाय नुसताच मिटला तर चालू आवाज तोडते. तुमचा स्विच कायमच मिटलेला दिसतो. पहिला संशय केबलवर घ्यावा : गिटारची मोनो केबल असेल तर तिच्या पिनचा सलग दांडा रिंग आणि स्लीव्ह यांना एकत्र जोडून टाकतो.

स्टिरिओ केबल लावूनही फरक पडला नाही, तर केबल काढून मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग असली की वाजणाऱ्या स्थितीवर) ठेवावा आणि सिंबलच्या जॅकवरील रिंग व स्लीव्ह यांना त्याची टोके टेकवावीत. कड मोकळी असताना मीटर गप्प राहिला पाहिजे, दाबताच वाजला पाहिजे. मोकळ्या कडेवरही तो वाजत असेल, तर दोन्ही पट्ट्या कुठेतरी पितळेला टेकत आहेत किंवा त्यांच्यामधला फोम चेपला आहे. पट्टीखाली आधी इन्सुलेशन टेप लावायला हवी होती. खाडीकाठच्या दमट हवेत तांबे काळवंडते, तेव्हा पावसाळ्यानंतर पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासाव्या लागतील, याचीही तयारी ठेवावी.

दुहेरी आवाजाचे मूळ मात्र पितळेत आहे. ते आघातानंतरही बराच वेळ थरथरत राहते आणि पिएझोला त्या थरथरीतली एखादी लाट नवा आघात वाटते. खालच्या बाजूला पातळ रबर जवळजवळ पूर्ण पसरून चिकटवावे. माझ्या पहिल्या सिंबलला मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावले होते. दिसायला ते अगदीच गबाळे होते, पण काम चोख झाले. चकतीही पितळेवर थेट न चिकटवता दुहेरी फोम टेपवर बसवावी. ती पुन्हा डाग देऊन जोडावी लागली, तर मधल्या पांढऱ्या भागावर सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवावे, कारण जास्त उष्णतेने त्यावरचा चांदीचा थर सुटून येतो.

एवढे झाल्यावरच मेनू उघडावा. तुमच्या सर्वांत जोराच्या आघाताला मॉड्यूलवरचा आकडा जेमतेम 127 ला, म्हणजे कमाल आकड्याला, पोहोचेल इतकीच सेन्सिटिव्हिटी ठेवावी. हलक्या हातालाही तो 127 वरच अडकत असेल, तर संकेतच फार तगडा आहे. अशा वेळी 500 किलोओहमच्या व्हेरिएबल रेझिस्टरची बाहेरची दोन टोके पिएझोला आणि मधले टोक टिपला जोडून तो उतरवावा. थ्रेशोल्ड (ज्याखालचा आघात मॉड्यूल मोजत नाही ती मर्यादा) शून्यापासून चढवत न्यावा आणि स्टँडला बोट लावल्यावर सिंबल वाजेनासे झाले की थांबावे. मास्क टाइम (एका आघातानंतर मॉड्यूल नवा आघात घेत नाही तो काळ) 30 मिलीसेकंदांपर्यंत नेण्यास हरकत नाही, कारण मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एका मात्रेत चार आघात केले तरी दोन आघातांत 125 मिलीसेकंदांचे अंतर असते. रिट्रिगर कॅन्सल (थरथरीतून येणारे खोटे आघात गाळणारा आकडा) मात्र जपून वाढवावे. त्याचा अतिरेक झाला की जलद रोलमधले हलके आघात गिळले जातात, आणि वादकाला वाटते आपला हातच चुकतो आहे.