वडिलांची रिलायंट पुन्हा मिळेल का?

प्रश्न : माझे वडील १९८२ मध्ये नोकरीसाठी ओहायोत आले. त्यांची पहिली नवी गाडी म्हणजे १९८४ ची प्लिमथ रिलायंट, चार दारांची, बदामी रंगाची. जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला त्यांना घेऊन जातो, तर तिथे जिकडेतिकडे मस्टँग आणि कॅमेरोसारख्या स्पोर्टी गाड्या. त्यांच्यासाठी एक रिलायंट शोधावी असं मनात आहे. पण त्या सगळ्या गेल्या कुठे? माझा एक मित्र म्हणतो, २००९ च्या सरकारी योजनेत मोडीत निघाल्या. आणि या वयाची गाडी घेणं शहाणपणाचं आहे का?
– एक वाचक, कोलंबस

उत्तर : शोधा, जरूर शोधा. तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण मस्टँगबद्दल विचारणारे रोज भेटतात, रिलायंटबद्दल विचारणारं कुणी भेटत नाही.

आधी मित्राचा गैरसमज दूर करू. २००९ च्या योजनेत जुनी गाडी देऊन सवलत मिळायची, इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून ते कायमचं निकामी केलं जायचं, हे खरं. पण अट अशी होती की गाडी गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी जाणारी हवी आणि २५ वर्षांपेक्षा जुनी नको. रिलायंटचं मायलेज त्याहून चांगलं. त्या योजनेत गेल्या त्या मुख्यतः एसयूव्ही आणि पिकअप.

तुमच्या वडिलांच्या गाडीच्या बहिणी त्याच्या कितीतरी आधीच संपल्या होत्या, वापरून वापरून. पहिला मालक नोकरदार, दुसरा विद्यार्थी, तिसऱ्याकडे तेल बदलायलाही पैसे नसायचे. मग एक दिवस ट्रान्समिशनच्या दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त यायचा आणि गाडी थेट जंकयार्डात. त्यात तुमच्याकडचा हिवाळा. रस्त्यावर टाकलेलं मीठ दारांखालचा पत्रा आणि मागच्या चाकांवरच्या कमानी खाऊन टाकतं. शेव्हेट, एस्कॉर्ट, ऑम्नी, कॅव्हेलियर, त्या काळच्या अशा सगळ्या साध्या स्वस्त गाड्यांची हीच गत झाली. मस्टँगवर हौसेने कव्हर घातलं जायचं, रिलायंट रात्रभर बर्फात उभी असायची आणि सकाळी सहाला कामावर निघायची. खरं काम जिने केलं ती जपायची नाही, हे मला कधीच पटलेलं नाही.

आणि तुमच्या वडिलांची गाडी तर अगदी नेमक्या वेळची आहे. प्लिमथ हा क्रायसलर कंपनीचा ब्रँड, आणि १९७९ मध्ये क्रायसलर बुडायच्या बेतात होती. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९८० च्या जानेवारीत तिच्यासाठी १५० कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जहमीच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी के-कार, म्हणजे रिलायंट आणि तिची जुळी डॉज एरीज, १९८१ चं मॉडेल म्हणून बाजारात आल्या. पुढच्या चाकांवर चालणारी, आडव्या बसवलेल्या २.२ लिटर इंजिनाची साधी चौकोनी गाडी. १९८३ मध्ये क्रायसलरचे प्रमुख ली आयाकोका यांनी ते कर्ज मुदतीच्या सात वर्षं आधी फेडलं. वडिलांनी शोरूममधून गाडी आणली ती साधारण तेव्हाच.

मी स्वतः त्या सुमारास मिशिगनमध्ये शिकत होतो. आमच्या एका सिनियरकडे एरीज होती. पुढे सलग सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, त्यामुळे पुढे तिघं, मागे तिघं. मधल्याच्या मांडीवर रस्त्यांचा नकाशा, कारण वाट सांगायचं काम त्याचं. थंडीत सुरू करायची रीत ठरलेली : किल्ली फिरवायच्या आधी ॲक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सोडायचा म्हणजे चोक, म्हणजे थंड इंजिनाकडे जाणारी हवा कमी करणारी झडप, बसतो. इंजिन मोठ्याने घोंगावू लागलं की मिनिटभर थांबायचं आणि पेडलला हलकी टिचकी द्यायची, की आवाज खाली येतो. बघा, तुमच्या वडिलांचा पाय हे आजही आपोआप करेल.

आता घेताना काय बघायचं ते. ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागातली गाडी शोधा. उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला असेल, असू द्या. तडकलेल्या डॅशबोर्डसह जगता येतं, कुजलेल्या पत्र्यासह नाही. बॉनेट उघडून पुढच्या सस्पेन्शनचे खांब जिथे वर बसतात तिथे गंज आहे का ते पाहा आणि ब्रेकच्या नळ्या पूर्ण लांबीभर हाताने चाचपा. व्हॅक्यूमच्या नळ्यांची आकृती छापलेलं स्टिकर बॉनेटखाली शाबूत असेल, तर त्या गाडीला मी झुकतं माप देईन, कारण कार्बुरेटरच्या गाडीत त्या रबरी नळ्यांचं जंजाळ त्याशिवाय लावता येत नाही. १९८४ चाच आग्रह नसेल तर १९८६ पासूनची इंधन-इंजेक्शनची २.२ घ्या, सांभाळायला पुष्कळ सोपी. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा, मात्र गाडी आल्या आल्या बदला.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. त्या गाडीत एअरबॅग नाही आणि मागच्या सीटला फक्त कमरेचा पट्टा आहे. नातवंडांना घेऊन हायवेवर जाऊ नका. वडिलांना घेऊन गावातल्या गावात, रविवारी सकाळी, भरपूर चालवा.

प्रश्न : आमच्या जुन्या गाडीच्या स्पीडोमीटरवर ८५ च्या पुढे आकडेच नव्हते. गाडी खरंच तेवढीच पळायची का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाही, तो सरकारी नियम होता. १९७९ च्या सप्टेंबरपासून ताशी ८५ मैलांच्या पुढचे आकडे दाखवायला मनाई होती आणि ५५ चा आकडा ठळक हवा होता, कारण देशभर वेगमर्यादा तीच होती. वाहतूक सुरक्षा खात्याच्या तेव्हाच्या प्रमुख जोन क्लेब्रुक यांच्या काळातला हा नियम. रेगन सरकारने तो लवकरच काढून टाकला, पण कंपन्यांनी तेच मीटर पुढे कैक वर्षं बसवले. काटा ८५ ओलांडून कोऱ्या जागेत गेलेला मी पाहिला आहे, उतारावर.