वडिलांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांवर सूट कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की यावलकडे राहणाऱ्या वडिलांच्या गोळ्यांना महिन्याला अडीच हजार लागतात, मेडिकलवाला दहा टक्के सोडतो, आणि याहून जास्त सूट कुठे मिळेल ते हवंय. चोपड्याला मेडिकलच्या काउंटरवर उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, सूट शोधत बसू नका भाऊ. खरा फरक गोळीच्या भावातच असतो.

स्ट्रिप उलटी करा. टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, एटोरव्हास्टॅटिन असं काहीतरी छापलेलं दिसेल, ते औषध. बाकी नाव कंपनीचं. तेच औषध, तेवढ्याच मिलिग्रॅमचं, पाच-पंचवीस कंपन्या विकतात. भाव मात्र एका गोळीचा काढा. ९५ रुपयांची स्ट्रिप १२० वालीपेक्षा स्वस्त वाटते, पण पहिलीत १० गोळ्या असतील आणि दुसरीत १५, तर पहिली साडेनऊला पडली, दुसरी आठला.

सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीतल्या गोळ्यांना कमाल किंमत बांधलेली असते. यादीबाहेरच्या गोळीचा भाव बहुतेक वेळा कंपनीच ठरवते, फक्त वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही.

आता वडिलांच्या चिठ्ठीवर एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी आहे का ते आधी बघा. तिचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं. तोवर एक गोळी साठीच्या घरात जायची, नंतर दुसऱ्या कंपन्यांनी साडेपाच रुपयांपासून आणली. तरी जुनी चिठ्ठी पुढे करून जुनाच ब्रँड नेणारे कमी नाहीत. दुसरी दाखवली की म्हातारी माणसं म्हणतात, "माले तीच गोयी पायजे." त्यांचंही चुकत नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पण दुकानदाराने परस्पर बदलून द्यावी ही अपेक्षा ठेवू नका. चिठ्ठीवर लागणाऱ्या औषधाच्या जागी दुसरा ब्रँड द्यायची त्याला कायद्याने मुभा नाही. पुढच्या तपासणीला सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या आणि सरळ विचारा, "साहेब, यातली कोणती स्वस्तातली चालेल? औषधाच्या नावाने लिहून द्याल का?" बहुतेक डॉक्टर देतात. थायरॉईड, आकडी किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनीसुद्धा बदलू नका.

एखादी गोळी फक्त दवाखान्याला लागून असलेल्या मेडिकलमध्येच मिळते आणि अख्ख्या जळगावात नाही, असं असेल तर तो बहुधा प्रोपगंडा ब्रँड, म्हणजे ठराविक डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच खपणारा. छापील किंमत दणदणीत, दुकानाला पडलेली किंमत फारच कमी. तिथे वीस टक्के सोडले तरी भुलू नका, त्यांना परवडतं म्हणूनच सोडतात.

औषधाच्या नावाची चिठ्ठी हातात आली की जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान, गाठा. 'जनऔषधी सुगम' ॲपवर जवळचं केंद्र आणि गोळीचा दर दोन्ही दिसतात. माल कधी कधी संपलेला असतो, म्हणून आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच जा. ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन यांसारख्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात फुकट मिळतात, तिथेही विचारा. आपल्याकडे त्यात उगाच कमीपणा मानतात.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या छापील भावाची स्ट्रिप हातात आली तर नवा दर लावायला सांगा.

एक गोष्ट वडिलांना आडून विचारून बघा. केळीचा भाव पडला की आपल्या भागातली माणसं बीपीची गोळी एक दिवसाआड घ्यायला लागतात आणि घरात बोलत नाहीत. तसं चालू असेल तर आधी ते डॉक्टरांच्या कानावर घाला, नाहीतर बीपी आटोक्यात नाही म्हणून ते आणखी एक गोळी वाढवतील.

स्ट्रिपांवरची औषधांची नावं आणि मिलिग्रॅम इथे टाका, कुठल्या गोळीत किती वाचेल ते बघून सांगतो.