वाचकांचे प्रश्न : पलंगावरून केलेलं काम आणि स्टेजपर्यंतचा रॅम्प

प्रश्न : ताई, मला संधिवात आहे. आधी मी तैलरंगात मोठमोठे कॅनव्हास करायचे, आता सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की ब्रशच धरवत नाही. घरचे म्हणतात आधी बरी हो, मग चित्रं काढ. भाची मदत करते म्हणतेय, पण मग ते चित्र माझं राहील का? आणि एखादं स्केच ऑनलाइन टाकलं की सगळे 'सलाम तुमच्या जिद्दीला' लिहितात, रेषेबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही.

उत्तर : 'आधी बरी हो' हे ते प्रेमापोटीच म्हणतात, पण संधिवात म्हणजे चार दिवसांत उतरणारा ताप नव्हे, तो कमीजास्त होत राहणार आणि तो जायची वाट बघत बसलात तर चित्रं राहूनच जातील. बोटं दिवसात कधी जरा मोकळी होतात ते बघा आणि तेवढा वेळ चित्रासाठी ठेवा, बाकीची कामं नंतर. हात दुखायला लागायच्या आधीच ब्रश खाली ठेवायचा, दुखल्यावर नाही. ब्रशच्या दांड्याला फोम गुंडाळून तो जाड केला की मूठ कमी आवळावी लागते, ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारलंत तर ते तुमच्या हाताप्रमाणे आणखी सुचवतील.

आता भाचीचं. आंरी मातीस या फ्रेंच चित्रकाराचं १९४१ मध्ये कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं, त्यानंतर त्याचं बरंचसं काम पलंगावरून नाहीतर व्हीलचेअरवरून चालायचं. मदतनीस कागदांना गॉश (पाण्यात मिसळायचा अपारदर्शक रंग) लावून ठेवायचे, तो कात्री घेऊन थेट रंगीत कागदातच आकार कापायचा, मग ते तुकडे मदतनीस भिंतीवर टाचण्यांनी लावायचे आणि हा बसल्या जागेवरून सांगणार की हा जरा वर घ्या, तो तिकडे सरकवा, मनासारखं होईपर्यंत हेच चालू. ती चित्रं कुणाची असं कुणी विचारत नाही. जाँ-दोमिनिक बोबी हा फ्रेंच संपादक, १९९५ मध्ये स्ट्रोक आला आणि जवळजवळ सगळं शरीर लुळं पडलं, डावी पापणी तेवढी हलायची. समोरची व्यक्ती अक्षरं एकेक करून म्हणायची, जास्त वापरातली अक्षरं आधी, हवं ते आलं की तो पापणी मिटायचा, आणि ती व्यक्ती यायच्या आधीच तो वाक्यं मनात रचून पाठ करून ठेवायचा. अख्खं पुस्तक असं झालं! तेव्हा भाचीला बिनधास्त बसवा, फक्त कुठला निळा, किती पातळ, कुठे थांबायचं हे तुम्ही ठरवायचं, आणि चित्राखाली मदत म्हणून तिचं नाव आवर्जून घाला.

ते 'सलाम' मलाही खुपतात. स्टेला यंग म्हणून ऑस्ट्रेलियन पत्रकार आणि कॉमेडियन होती, व्हीलचेअर वापरायची, तिने २०१४ च्या एका भाषणात हेच ठणकावून सांगितलं होतं की अपंग माणसं काय इतरांना प्रेरणा देण्यासाठी जन्माला येत नाहीत. तुम्ही पोस्टमध्येच विचारा ना, ही सावली जड झालीये का, डावा कोपरा रिकामा वाटतोय का. सगळे नाही पण दोघंतिघं तरी चित्राबद्दल बोलतील, त्यांना धरून ठेवा. आजारी, अपंग चित्रकारांचा ग्रुप सापडला तर उत्तमच, तिथे दुखण्याबद्दल पहिल्यापासून समजावत बसावं लागत नाही, लोक सरळ कामावर येतात.

प्रश्न : आमचा ग्रुप अपंग आणि दीर्घ आजारी लोकांच्या कविता, नाच, गाणी असा कार्यक्रम करतोय. हॉलला रॅम्प आहे. अजून काय बघू?

उत्तर : तो रॅम्प प्रेक्षकांच्या खुर्च्यांपर्यंतच आहे का स्टेजपर्यंत जातो, ते आधी बघा! खूप ठिकाणी स्टेजला पायऱ्याच असतात, म्हणजे अपंग माणूस येणार तो बघायला असंच धरून चाललेले असतात, आणि मग कलाकाराला चारजण उचलून वर नेतात, टाळ्या पडतात, त्याला काय वाटत असेल याचा विचार कुणी करत नाही. मेकअपरूम आणि टॉयलेटही व्हीलचेअर घेऊन स्वतः जाऊन बघा. साइन लँग्वेज इंटरप्रिटरवर शेवटपर्यंत लाइट हवा, कवितेच्या वेळी सगळा अंधार करून टाकू नका. झगमगणारे लाइट नकोतच, काहींना त्याने फिट येऊ शकते. मध्येच उठून जायची, आडवं पडायची, आवाज करायची मोकळीक आहे हे सुरुवातीलाच माइकवर सांगा.

कुणाचं डायलिसिस कुठल्या दिवशी, केमो कधी, हे विचारूनच तारीख ठरवा. तरी ऐनवेळी कुणाची तब्येत बिघडणारच, म्हणून प्रत्येकाचं रेकॉर्डिंग आधीच करून ठेवा, ती व्यक्ती नाही आली तर ते दाखवा आणि मानधन ठरलेलं तेवढंच द्या, त्यात काटछाट नको.