लोकल आणि मेट्रोचे आयुष्य संपलेले डबे इतकी वर्षं कसे चालतात? ते धोक्याचं नाही का?

आधी सांगतो मी कुठून बोलतोय. मी नाशिकरोडला राहतो. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये माझी बावीस वर्षं ट्रॅक्शन मोटारी, म्हणजे गाडीची चाकं फिरवणाऱ्या मोटारी, खोलण्यात आणि वाइंडिंग करण्यात, म्हणजे त्यांच्यात तारेची वेटोळी भरण्यात, गेली. जवळच एकलहऱ्याला रेल्वेचा स्वतःचा ट्रॅक्शन मशीन कारखाना आहे, त्यामुळे या कामातली जाणती माणसं इकडे चहाच्या टपरीवरही भेटतात.

तुमच्या प्रश्नात 'आयुष्य संपलेले डबे' असा शब्द आहे. आपल्याकडे लोकलच्या डब्याचं आयुष्य २५ वर्षं धरतात, पण २५ वर्षं झाली म्हणून लोखंड थकत नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे १९६४ चे आर-३२ जातीचे डबे २०२२ पर्यंत धावले. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी १९३८ च्या सुमारास बांधलेले डबे पुढे आयल ऑफ वाइट बेटावर गेले आणि जानेवारी २०२१ पर्यंत प्रवासी नेत राहिले. आपल्या कोलकाता मेट्रोचा शेवटचा बिनएसी रेकही, म्हणजे डब्यांची जोडलेली अख्खी गाडीही, २०२१ मध्येच थांबला.

हे जमतं, कारण जुन्या गाडीत हातानं दुरुस्त होण्यासारखं खूप असतं. जुन्या गाडीतल्या डीसी मोटारीचंच घ्या. तिच्यात कम्युटेटर असतो, म्हणजे मोटारीबरोबर फिरणारा गोल भाग, आणि त्याला टेकलेल्या कार्बन ब्रशमधून वीज आत जाते. कम्युटेटरवर तांब्याच्या पट्ट्या असतात आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये मायका, म्हणजे वीज अडवणारा अभ्रक. तांबं झिजतं, मायका कडक असल्यामुळे तसा झिजत नाही. मग तो वर येतो, कार्बन ब्रश त्यावर उड्या मारतो आणि ठिणग्या पडायला लागतात. उपाय सोपा, पण चिकाटीचा. कम्युटेटर लेथवर घ्यायचा आणि प्रत्येक फटीतला मायका साधारण एक मिलिमीटर खाली कापायचा. माझे उस्ताद शेवटी फटींवरून नख फिरवून बघत आणि 'इथं राहिलाय' म्हणत. तिथं खरंच राहिलेला असे. चांगल्या चाललेल्या कम्युटेटरचा रंग चिकूच्या सालीसारखा तपकिरी दिसतो. तो नव्या भांड्यासारखा लखलखत असेल तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं.

दुसरं काम वाळवण्याचं. पावसाळ्यात भिजलेली मोटार आली की ती धुऊन ओव्हनमध्ये टाकायची आणि तासातासाला मेगर, म्हणजे इन्सुलेशन (तारांवरचं वीज अडवणारं आवरण) किती चांगलं आहे ते मोजणारं यंत्र, लावायचा. नवी पोरं इथं घाबरतात, कारण रीडिंग आधी खालीच जातं. मोटार तापते तसं ते उतरतं, मग ओल निघायला लागली की हळूहळू चढतं आणि शेवटी एका जागी टेकतं. ते टेकल्याशिवाय मोटार बाहेर काढायची नाही, रात्रपाळी झाली तरी चालेल. नाशिकच्या कोरड्या थंडीत तर जास्तच सांभाळावं लागतं. इथं वरवर झकास दिसलेलं रीडिंग मुंबईच्या जुलैत टिकेलच असं नाही. आणि एक हिशोब कायम डोक्यात ठेवायचा: मोटार सोसायच्या तापमानापेक्षा दहा अंश जास्त तापत राहिली, तर इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यामुळे हवेची जाळी साफ ठेवण्याइतकी स्वस्त दुरुस्ती दुसरी नाही.

बारा डब्यांच्या लोकलला चार मोटार कोच, म्हणजे मोटारी बसवलेले डबे, असतात आणि प्रत्येकात चार, अशा सोळा मोटारी. एखादी बसली तर ती बाजूला काढून बाकीच्यांवर गाडी शेडपर्यंत नेता येते.

खरी अडचण पुढच्या पिढीच्या गाड्यांत आहे, आणि याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. या गाड्यांतल्या थ्री-फेज एसी मोटारीला ब्रश नाही, कम्युटेटर नाही, मोटार वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. ब्रेक लावताना ती वीज परतही देते. पण तिला हवी तशी वीज बनवून देणारा कन्व्हर्टर इलेक्ट्रॉनिक कार्डांवर चालतो. त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणारे भाग, सुकतात, आणि पंधरा-वीस वर्षांनी त्यातला सेमीकंडक्टर, म्हणजे चिप, बनवणंच कंपनी बंद करते. तांब्याचा पट्टा आम्ही घडवू शकतो, चिप कशी घडवणार? मग उरतात तीन वाटा: सुटे भाग आधीच साठवायचे, अर्ध्या आयुष्यात पूर्ण कन्व्हर्टर बदलायचा, नाहीतर एक रेक उभा करून त्याचे भाग काढून बाकीचे चालवायचे. तिसरी वाट नाइलाजाची. उभा केलेला रेक पुन्हा रुळावर येणं अवघड असतं. म्हणून गाडी विकत घेतानाच ड्रॉइंग आणि सॉफ्टवेअर मागून घ्यावं, हे माझं ठाम मत आहे.

डब्याचा सांगाडा दाराशी आणि खिडकीखाली गंजतो. तो पत्रा कापून नवा जोडतात, त्यात विशेष काही नाही.

आता धोक्याचं. ॲक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा) आणि ब्रेक यांत 'अजून चालेल' हा शब्द चालत नाही. चाक जिथं ॲक्सलवर दाबून बसवलेलं असतं, तिथली भेग डोळ्याला दिसतच नाही. म्हणून अल्ट्रासॉनिकनं, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत सोडून, तपासतात. पडद्यावर भेगेचा उंचवटा दिसला की ॲक्सलवर रंगानं फुली मारायची आणि तो भंगारात टाकायचा. मग तो चार वर्षांचा असो की चोवीस.