शिया म्हणजे नेमके कोण, आणि ते सुन्नींपासून कधी वेगळे झाले?

पैगंबर मुहंमद यांच्यानंतर नेतृत्व त्यांचे चुलतभाऊ आणि जावई हजरत अली यांच्याकडे व पुढे त्यांच्याच वंशाकडे जायला हवं होतं, असं मानणारे ते शिया. ‘शियत अली’ म्हणजे अलींचा पक्ष, त्याचंच हे आखूड रूप. वादाला तोंड फुटलं ६३२ साली. पैगंबरांच्या दफनाआधीच मदिनेत सकीफा इथे जमलेल्यांनी पैगंबरांचे सहकारी अबू बक्र यांना खलिफा, म्हणजे समुदायाचे प्रमुख, निवडलं; ही निवड मानणारे ते पुढे सुन्नी. शिया मात्र त्याच वर्षी पैगंबरांनी गदीर खुम या ठिकाणी दिलेल्या प्रवचनाचा दाखला देतात: ‘ज्याचा मी मौला, त्याचा अलीही मौला.’ गंमत म्हणजे हे वचन सुन्नीही नाकारत नाहीत. ते ‘मौला’चा अर्थ जिवलग घेतात, शिया धनी. अली ६५६ मध्ये चौथे खलिफा झाले खरे, पण ६६१ मध्ये इराकातल्या कुफा शहराच्या मशिदीत त्यांच्यावर विषारी तलवारीचा वार झाला. पुत्र हुसेन ६८० मध्ये, मोहरमच्या दहाव्या दिवशी, इराकातल्या करबल्यात लढाईत मारले गेले. तोवर जी मुख्यतः राजकीय बाजू होती, तिला पंथाचं रूप इथून येऊ लागलं.

मात्र सगळे शिया एका साच्यातले नाहीत. अलींच्या वंशातल्या नेत्यांना शिया इमाम म्हणतात; ७६५ मध्ये इमाम जाफर सादिक वारल्यावर वारसावरून फाटे फुटले. त्यांचे पुत्र मुसा काझिम यांना मानणाऱ्यांतून बारा इमाम मानणारे ‘बारा इमामी’ झाले, इराण-इराकात बहुसंख्य तेच. मुंबईत दिसणारे दाऊदी बोहरा आणि आगाखानी खोजे इस्माईली, म्हणजे जाफर यांचे दुसरे पुत्र इस्माईल यांचा वंश मानणाऱ्या शाखेतले. आणि शिया म्हणजे इराणी, हेही चूक: इराण शियाबहुल झाला तो १५०१ नंतर, सफवी राजवटीत.