'संकल्पना कार' म्हणावं का?

प्रश्न असा आहे : 'कन्सेप्ट कार'ला, म्हणजे नवी कल्पना लोकांना दाखवण्यापुरती बनवलेल्या गाडीला, 'संकल्पना कार' म्हणणं बरोबर का, आणि प्रोटोटाइपलाही तोच शब्द चालेल का?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, नाही चालणार. प्रोटोटाइप म्हणजे आद्य नमुना. त्याच्यामागून तशाच गाड्या निघायच्या असतात. कन्सेप्ट कारवर ते ओझं नसतं. बीएमडब्ल्यूने २००८ साली दाखवलेली 'जीना' बघा. तिला पत्राच नव्हता, सांगाड्यावर कापड ताणून बसवलं होतं. दार उघडलं की तिथे कापडाला सुरकुत्या पडायच्या आणि हेडलाइटवरचं कापड पापणीसारखं उघडायचं. ही विकायची गाडीच नव्हती. मग तिला नमुना म्हणायचं ते कशाचा?

आता 'संकल्पना कार'. अर्थाला धक्का नाही, पण जोडून लिहून बघा : 'संकल्पनाकार'. गाडी थेट चित्रकार-ग्रंथकारांच्या पंगतीत जाऊन बसते! तोडून लिहिलं तरी कानाला तेच ऐकू येतं. म्हणून मी 'मोटार' घेतो. मिश्र समासाला नाक मुरडायचं कारण नाही. 'रेल्वेस्थानक' आपल्याला कुठे खुपतं?

आणि 'संकल्पना'पेक्षा मला नुसता 'संकल्प' बरा वाटतो. संकल्पना डोक्यात राहिली तरी चालते, संकल्प सोडावा लागतो. (इथलं 'सोडणं' म्हणजे टाकून देणं नव्हे, उलट हाती घेणं. मराठी शिकणाऱ्याला हे समजावताना दमछाक होते.) अर्थसंकल्पातही पुढे काय करायचं ते जाहीर केलेलं असतं, सगळं पार पडेलच असं नाही. जनरल मोटर्सचे डिझाइन-प्रमुख हार्ली अर्ल यांची १९३८ची 'ब्युइक वाय-जॉब' याच जातीची. झाकले जाणारे हेडलाइट, विजेवर वरखाली होणाऱ्या काचा. गाडी एकच बनली आणि अर्ल ती स्वतःच फिरवत. हिला 'संकल्पमोटार' शोभून दिसतं. बोलताना मात्र 'कन्सेप्ट कार'च म्हणा, कोणी अडवत नाही.

अडचण येते ती फोर्डच्या १९५८च्या 'न्यूक्लिऑन'पाशी. मागच्या बाजूला छोटी अणुभट्टी बसवायची कल्पना होती, पण पूर्ण आकाराची गाडी झालीच नाही, लहानसं मॉडेल तेवढं झालं. तिला संकल्पमोटार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ती संकल्पचित्राच्या जवळची. त्या मॉडेलला 'प्रतिकृती' मात्र म्हणू नका. मूळ कृती होती कुठे?